तात्यांची सकाळची गोळी

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे माझं निम्मं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच. मध्येच फोन उचलू नकोस. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथ्याला तू ठेवतेस. पत्रात निदान माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतं.

विषय तात्यांचा आहे. ते तुझ्याशी बोलत नसले तरी अजून तुझेही वडील आहेत. याबाबतीत त्यांचं मत विचारण्याची सोय नाही. त्यांना मेंदूचा लहानसा झटका येऊन गेला हे तुझ्या वहिनीनं तुला कळवलं आहेच. मी कळवलं नाही, कारण ‘तू त्यांना काय दिलं होतंस?’ हा तुझा पहिला प्रश्न असणार होता. उजव्या हाताची पकड तेवढी गेली. जीभ शाबूत आहे. घरात कोणालाही विचार, अंमळ जास्तच शाबूत आहे.

हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी सुरू केली. सकाळी एक, दिवसभर पुरते म्हणे. हाताचे व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, आजोबांना आवडीचं काम द्या, म्हणजे बोटं आपोआप हलतील. मी तात्यांचा जुना खल कपाटातून काढून पुन्हा त्यांच्या पुढ्यात ठेवला. आता सकाळी घोटत बसतात आणि दुपारी माझ्या रोग्यांसमोर माझ्या चुका काढतात. म्हणजे प्रकृती सुधारत होती.

मग हे सुरू झालं. न्याहारीनंतर थोड्या वेळानं चेहरा लालबुंद होतो, मग एकदम पांढरा पडतो, कपाळावर घाम, आणि बसल्या जागी कलंडतात. पाय उंच करून निजवलं की हळूहळू भानावर येतात. पहिल्यांदा वाटलं, उन्हात बसले होते. दुसऱ्यांदा न्हाणीघराच्या दारात पडले, भुवईवर खोक पडली. परवा जिन्यात. तुझी वहिनी दोन पायऱ्या खाली होती म्हणून तिच्या अंगावर आले. तिचं मनगट अजून सुजलेलं आहे.

पाठशाळेत मला धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवलं होतं. गोळी सकाळी, भोवळ सकाळी. गोळी नव्हती तेव्हा पडणंही नव्हतं. अग्नी कुठे आहे, तू सांग. गोळीचं नाव मागच्या बाजूला लिहिलं आहे, स्पेलिंग तपासून. तू पोटाची डॉक्टर असलीस तरी गोळ्या शेवटी पोटातच जातात. ही गोळी कितपत जालीम, आणि ती बाई कितपत विश्वासाची, एवढंच कळव.

मी त्यांना काहीही देत नाही. विचारणार होतीस, म्हणून आधीच लिहिलं.

दादा


२३ जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर मिळालं. त्यात गोळीबद्दल दोन ओळी आहेत आणि माझ्याबद्दल एक पान. गोळी चांगली आहे, सगळीकडे देतात, ताकद अगदी साधी आहे. दादा मात्र खोटं बोलतो. बरं.

‘काहीही देत नाही’ हे मी औषधाबद्दल म्हटलं होतं. निजताना अर्जुनसालीचा काढा देतो, त्याला आपल्या घरात औषध म्हणत नाहीत. तुलाही लहानपणी देत असत आणि तू तो खिडकीतल्या कुंडीत ओतत असस. झाड उत्तम वाढलं. शिवाय दुपारी थोडं चूर्ण, पोट साफ राहायला. बस्स. हातापायांना तेल लावतो, पण तेलानं माणूस पडतो तो ते फरशीवर सांडलं तरच.

तुला बहुधा माहीत नसेल, मीही आता आठवड्यातून दोन सकाळी त्याच हॉस्पिटलात बसतो. दारावर ‘समन्वय उपचार कक्ष’ अशी पाटी आहे. खोली लिफ्टशेजारी, आधी तिथे चाकाच्या खुर्च्या ठेवत. त्यातली एक अजून आहे, तिची बदली व्हायची आहे. समन्वयाचा व्यवहारातला अर्थ असा: वरच्या मजल्यावर ज्यांना सांगण्यासारखं काही उरत नाही त्यांना खाली पाठवतात, आणि मी ज्यांना वर पाठवतो त्यांना वर विचारतात, ‘खाली काय काय खाल्लंत?’

तर वर गेलो. बाई वयानं तुझ्याएवढ्या, वागायलाही तुझ्यासारख्या. म्हणजे प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आधीच मान हलवतात.

“वैद्यराज, वडिलांचं प्रेशर संध्याकाळी बघावं तर चढलेलं. गोळी रोज देताय ना?”

“रोज. माझ्या डोळ्यांदेखत घेतात.”

“मग एवढं कसं राहतं?”

“तेच विचारायला आलोय. सकाळी माणूस पडतो आणि संध्याकाळी प्रेशर चढतं. तुमची गोळी दिवसभर कामावर असते, की सकाळची हजेरी लावून घरी जाते?”

त्या हसल्या नाहीत. “काढेबिढे काय चालू आहेत?”

“काही नाही,” मी म्हणालो.

यावर तू काय पुटपुटलीस ते मला इथे ऐकू आलं.

त्यांनी गोळीची ताकद वाढवली. मला वाटतं, मी गोळी कचऱ्यात टाकून बापाला काढ्यावर ठेवतोय असा त्यांना संशय आहे. तोंडानं तसं म्हणाल्या नाहीत. पुढच्या वेळी येताना गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन या, एवढंच म्हणाल्या. मी या वयात गृहपाठ दाखवायला जाणार. आणि मला संशय हा आहे, की त्या तात्यांच्या नव्हे, नुसत्या आकड्याच्या डॉक्टर आहेत. आकडा खाली यावा, मग त्याबरोबर म्हातारा खाली आला तरी हरकत नाही.

दादा


५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझ्या हुकुमाप्रमाणे काढा बंद केला. चूर्ण बंद केलं. तेलसुद्धा बंद केलं. तात्यांनी विचारलं, “काढा का नाही?” मी म्हणालो, साल संपली. ते म्हणाले, “पोतंभर होती.” मी म्हणालो, कीड लागली. तुझ्यापायी मी चांगल्या सालीची बदनामी केली.

आणि काल ते पुन्हा पडले. वाढवलेल्या गोळीनंतर पहिल्यापेक्षा जोरात. डोळे फिरवले तेव्हा तुझ्या वहिनीनं किंकाळी फोडली, ती मी रस्त्यापलीकडे ऐकली.

आता तूच निवाडा कर. काढा होता तेव्हा पडले, काढा नव्हता तेव्हाही पडले. तर्कशास्त्रात याला अन्वयव्यतिरेक म्हणतात. तुमच्याकडे काही छोटं नाव असेल. काढा सुटला. आरोपी कोण उरला?

मी सगळ्यांवर संशय घेऊन बघितला. औषधांच्या दुकानदारावर घेतला, कारण तो पट्टी कात्रीनं कापून देतो, खोका स्वतःकडे ठेवतो आणि मागे गोळी गुलाबी होती ती या वेळी पिवळट आली. तो म्हणाला, “ताकद वाढली की रंग बदलतो, वैद्यबुवा. तुमच्या चूर्णांसारखं सगळं तपकिरी नसतं आमच्यात.” तुझ्या वहिनीवर घेतला. ते तिला कळलं.

“चहात काय घालते मी? या, शेजारी उभे राहा आणि बघा.”

“तसं नाही गं—”

“तसंच आहे. उभे राहा म्हणते ना.”

उभा राहिलो. साखर जास्त घालते, एवढं निष्पन्न झालं. तेव्हापासून जेवण मुकाट्यानं वाढलं जातं.

आता खरा मुद्दा. परवा बाई मला म्हणाल्या, “तुमच्याकडे धातूंची भस्मंही असतात ना? त्यातलं काही वडिलांच्या पोटात जात नाही ना?” मी त्यांच्यापुढे भस्माचा भ काढलेला नव्हता. चार वर्षांपूर्वी तू तात्यांच्या बरणीतलं चिमूटभर भस्म पुडीत बांधून प्रयोगशाळेत नेलंस, त्यात शिसं निघालं, ते तू भर जेवणात वाचून दाखवलंस, आणि तात्या पानावरून उठताना म्हणाले, “माझ्या औषधावर जिचा विश्वास नाही तिनं माझ्या घरी यायचं कारण नाही.” हे त्या वेळी टेबलाशी बसलेल्या चौघांना माहीत आहे. त्या चौघांत बाई नव्हत्या. तेव्हा सरळ विचारतो: तुमची दोघींची ओळख कुठली? कॉलेजातली? आणि माझी पत्रं तू एकटीच वाचतेस ना?

त्या बरणीचं म्हणशील तर ती मी त्याच आठवड्यात रिकामी केली. तात्यांना सांगितलं, हातातून पडून फुटली. तुला कळवलं नाही, कारण ‘तुझं बरोबर होतं’ हे वाक्य माझ्या पेनातून उतरायला फार वेळ घेतं. आत्ताही उतरलेलं नाही, फक्त जवळपास आलं आहे.

दादा


१४ फेब्रुवारी

भिंगरी,

तात्या हॉस्पिटलात आहेत. मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या दारात पडले, कपाटाचा कोपरा डोक्याला लागला. टाके घातले. मेंदूचा फोटो काढला, आत काही नाही. म्हणजे इजा नाही. तात्या ऐकत होते, त्यांनी लगेच विनोद केलाच.

आता ऐक. भरती झाल्यापासून ते ठणठणीत आहेत. गोळी तीच, तीच पिवळट. नर्स आणते, पेलाभर पाणी देते आणि गिळेपर्यंत हलत नाही. एकदाही भोवळ नाही. संध्याकाळी प्रेशर शहाण्या मुलासारखं जागेवर.

बाईंनी मला दाराबाहेर बोलावलं.

“औषध तेच, माणूस तोच,” त्या म्हणाल्या. “मग बदललं काय? घर.”

“म्हणजे मी.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तुम्ही कधीच म्हणत नाही.”

मग त्यांनी आवाज खाली आणला. तात्यांची रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, पुढच्या वेळी डोकं आपटून आत रक्तस्राव झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, म्हणाल्या. “या स्थितीत त्यांना तुमच्या घरी पाठवायला माझं मन घेत नाही. त्यांच्या मुलीशी माझं बोलणं झालंय. ती सव्वीस तारखेला न्यायला येतेय.”

म्हणजे माझा संशय खरा होता. बरोबर असल्याचा इतका कमी आनंद मला कधी झाला नव्हता.

घेऊन जाणार आहेस, त्यांना न विचारता. तुझ्या नवव्या मजल्यावर ते दिवसभर काय करणार? लिफ्टला वर-खाली होताना बघणार? इथे निदान रोज चार माणसं येऊन जीभ दाखवतात. ते येणार नाहीत, आणि उचलून नेलंस तर त्यांच्यातलं जे उरलंय तेही इथेच राहील.

पण इथे ठेवा असंही मला म्हणवत नाही. पुढच्या वेळी ते माझ्या दारात मेले तर? काल दुपारी मी घरातली प्रत्येक बाटली हुंगली. मधाची बरणी बदलली. पाण्याचा माठ धुतला. ज्या घरात तीन पिढ्या माणसं बरी झाली त्या घरात एक म्हातारा रोज सकाळी कशानं कोसळतो, ते मला सापडत नाही. तुला खरंच वाटतं का, की मी, माझ्या बापाला, माझ्याच हातानं

हे वाक्य असंच राहू दे.

दादा


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पाकीट आलं. आत एकच ओळ. ना मायना, ना सही.

‘दादा, तात्या ती गोळी खलात घालतात का?’

आधी मी चिडलो. वाटलं, टोमणा मारतेस. आमचा बाप मरणाच्या दारात आणि हिला खल सुचतोय. तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं, साक्षीदार असावा म्हणून. ती ताटं पुसत होती.

“घालतात की,” ती म्हणाली. “रोज. मधात घोटून चाटतात. त्यात काय?”

आणि पुढचं ताट घेतलं.

त्यात काय, असंच मीही म्हटलं असतं. मी रोज समोर बसून बघत होतो. उजव्या हाताला पकड नाही, म्हणून डाव्या हातानं त्याचं मनगट धरायचं, बत्ता फिरवायचा. आधी गोळीचे तुकडे होतात, मग भरड, मग पीठ. बोटाच्या रेषांत शिरेल इतकं मऊ झालं की मध. पुन्हा घोटणं. मग चाटण जिभेवर. पूर्वी या हाताला दुपार लागायची तेवढं काम तो आता एका गोळीवर करत होता, आणि मी कौतुकानं बघत होतो. बाईंना म्हणालो होतो, माझ्या डोळ्यांदेखत घेतात. शब्दशः खरं होतं.

आपल्या घरात अख्खं औषध गिळतं कोण? जेवढं घोटू तेवढं अंगी लागतं हे आपण अक्षरओळख होण्याआधी शिकलो. काय देता, किती देता, केव्हा देता, हे मला सगळ्यांनी विचारलं. कसं घेतात, हे कोणी विचारलं नाही, आणि माझ्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. बाईंना विचारायचं सुचलं नसतं, कारण त्यांच्या घरी खल नसणार. मला सांगायचं सुचलं नसतं, कारण माझ्या घरी दुसरं काही नाही. तू ते माझ्याच पत्रातून काढलंस ना? नर्स पाण्याबरोबर गिळायला लावते, त्या ओळीतून. मी स्वतः लिहिलेली ओळ, आणि मला वाचता आली नाही. एवढी भाष्यं वाचून हा उजेड.

खल फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि हॉस्पिटलात गेलो. बाई वर नव्हत्या, लिफ्टपाशी भेटल्या. म्हणालो, दोन मिनिटं माझ्या खोलीत या. माझ्याकडे रोग्याची एकच खुर्ची, तिच्यावर औषधांचे पुडे. त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या. मी खल टेबलावर ठेवला आणि सांगितलं.

त्यांनी खल जवळ ओढला आणि आत बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “ती गोळी साधी नसते. दिवसभराचं औषध आत कोंडलेलं असतं, वेष्टणातून थोडं थोडं झिरपतं. तिचं पीठ केलं—”

“—की सगळं एकदम.”

“सकाळी प्रेशर धाडकन खाली. संध्याकाळपर्यंत औषध संपलेलं, प्रेशर पुन्हा वर. आणि ते संध्याकाळचं बघून मी ताकद वाढवली.”

त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा संशय गेला. चूक केलेला माणूस इतका स्वच्छ दिसतो हे मला माहीत नव्हतं. आरशात काही तसा अनुभव येत नाही.

“मी विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय विचारणार होतात? खल आहे का घरात?”

“हो. तेच.” मग खल माझ्याकडे परत सरकवत: “तुमच्या बहिणीला कसं सुचलं?”

“ती खल बघत मोठी झाली आणि गोळ्या लिहून देत म्हातारी होतेय. दोन्हीकडून बोलणी खाल्लेल्याला दोन्हीकडचं दिसतं.”

यावर त्या हसल्या. उठताना खुर्ची मागे सरकली, मी धरली. समन्वय उपचार कक्षात झालेला हा पहिला समन्वय.

तात्या उद्या घरी येतात. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. तू सव्वीसला न्यायला येणार होतीस, त्याचं कारण आता उरलं नाही. रद्द केलंस तर मला समजेल. केलं नाहीस तर तेही समजेल.

तुझं बरोबर होतं. बघ, उतरलं.

दादा


४ मार्च

प्रिय भिंगरी,

सव्वीस तारीख गेली. तू आली नाहीस. दार वाजलं तेव्हा दोनदा दूधवाला होता आणि एकदा शेजारचे. तात्यांनी तिन्ही वेळा विचारलं, “कोण आहे?” एरवी विचारत नाहीत.

इथलं सांगतो. घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी त्यांच्यापुढे गोळी आणि पाणी ठेवलं. खल जिथला तिथे होता, पण मी मध्ये बसलो.

“ही अशीच?” तात्या म्हणाले. “ना सोललेली, ना घोटलेली?”

“गिळायची.”

“खडे गिळायला मी कोंबडा आहे का?”

“हॉस्पिटलात गिळत होतात की.”

“तिथे मी पेशंट होतो. इथे वैद्य आहे.” मग माझ्याकडे रोखून बघितलं. “काहीतरी लपवतोयस. तुझे कान लाल झालेत.”

कान या घरात कधीच माझ्या बाजूनं नव्हते. सांगितलं सगळं. कोणी शोधून काढलं तेही सांगितलं.

त्यांचं पहिलं वाक्य ऐकून मी थक्क झालो. “म्हणजे घोटल्यानं गुण वाढला! मान्य केलं त्यांनी? लिहून घे बाईंकडून!” दुपारपर्यंत आल्यागेल्याला हेच सांगत होते. मला वाटलं, सुटलो. दुपारच्या झोपेनंतर मात्र बोलले नाहीत. संध्याकाळी मला हाक मारली आणि म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मीच मला पाडत होतो.” मी काही बोलायच्या आत तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी खल उपडा घातलेला होता. गोळी घेतली नाही. घोटून नाही, अख्खी नाही, कुठलीच नाही. “माझ्या हातानं घेतलेलं काही नको आणि तुमच्या हातचंही नको,” म्हणाले. तिसऱ्या दिवशी तेच. प्रेशर इतकं चढलं, की मी यंत्र बिघडलं असावं म्हणून तुझ्या वहिनीचं मोजलं. तिचं ठीक होतं, माझ्याशी धड बोलत नसूनही. आधी घेऊन पडत होते, आता न घेता पडणार होते, आणि या वेळचा झटका लहान नसता.

बाईंना फोन केला. त्या स्वतः घरी आल्या. वरच्या मजल्यावरचं माणूस आपल्या घरात आलं. तात्यांसमोर स्टुलावर बसल्या आणि पिशवीतून दुसरी गोळी काढली.

“आजोबा, ही साधी आहे. दिवसातून तीनदा घ्यावी लागेल, पण हिच्यात काही कोंडलेलं नाही. ही घोटली तरी चालते.”

“कशावरून?” तात्या.

“माझ्यावर विश्वास ठेवा.”

“तो ठेवूनच इथवर आलोय. माझं मन राखायला साखरेची गोळी देत नाही ना?”

मग त्यांनी बाईंची तोंडी परीक्षा घेतली. वेष्टण कशाचं? पाण्यात विरतं की पोटातल्या आम्लात? मधानं काय होतं? बाईंनी एकही प्रश्न टाळला नाही. एकदा ‘हे मला बघून सांगावं लागेल’ असं म्हणाल्या, तेव्हा तात्यांनी माझ्याकडे बघितलं. असं वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलेलं नाही. चहा दोनदा थंड झाला. जाताना बाईंनी मला जिन्यात सांगितलं, की आता त्या प्रत्येक रोग्याला विचारतात, गोळी कशी घेता. एक जण बत्त्यानं फोडून गुळात घालतो. एक बाई अर्धी सकाळी चावते, अर्धी रात्री. सगळे वर्षानुवर्षं त्यांच्यासमोर ‘घेतो’ म्हणत होते.

तरी नवी गोळी तशीच पडून होती. आज सकाळी मी बघायला गेलो, तर तात्यांनी खल सुलटा केलेला आणि गोळी मुठीत धरलेली. मला म्हणाले,

“भिंगरीला लिहितोस ना तू?”

चार वर्षांत त्यांनी तुझा उल्लेख ‘ती’ असासुद्धा केला नव्हता. मी म्हणालो, “कधीमधी.”

“कान.”

“लिहितो. पंधरवड्याला एक.”

“मग लिही. कोणती औषधं घोटायची आणि कोणती घोटायची नाहीत, ते मला नीट शिकायचंय. या बाई घाईत असतात.”

“घाईत? दोनदा चहा—”

“मध्ये बोलू नकोस. उत्तर पत्रानं नको म्हणावं. असली विद्या समोर बसून घ्यायची असते.”

“आणि तोवर गोळी?”

त्यांनी मूठ उघडली, गोळी खलात टाकली आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. “तोवर घेतो,” म्हणाले.

घेतली. दुपारपर्यंत मी त्यांच्या खुर्चीजवळून हललो नाही. चेहरा लाल झाला नाही, पांढरा झाला नाही. संध्याकाळी प्रेशर बाईंना फोनवर कळवलं, त्या म्हणाल्या, राहू द्या असंच.

निरोप जसाच्या तसा पोचवला, माझं काम संपलं. पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही, लपवून हल्ली निभत नाही. काल दुपारी तात्यांनी तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरात उभं केलं, एका वाटीत खडीसाखर, दुसरीत पिठीसाखर, दोन्हींवर पाणी, आणि कुठलं औषध घोटायचं, कुठलं नाही आणि का, हा सगळा धडा एकही चूक न करता तिला शिकवला. तेव्हा शिकवण्यासारखं तुझ्याकडे काही उरलं असेल, असा मला बिलकूल संशय नाही.

तयारी करून येऊ नकोस. नुसती ये.

दादा